खडीचा आवाज

वर्गातले सगळे हात वर गेले आणि माझा एकट्याचा खुर्चीच्या फळीवर राहिला. "ज्यांना आवाज आला त्यांनी हात वर करा," असं बाई म्हणाल्या होत्या. बाई म्हणजे माझी सून. डावीकडच्या भिंतीवर टांगलेल्या काळ्या स्पीकरमधून तिने कुठल्याशा बिघडलेल्या पंपाचा आवाज सोडला होता म्हणे. मला ऐकू येत होती ती छताच्या पंख्याची घरघर. पहिल्यांदा वाटलं, ही मंडळी खोटं बोलताहेत. मोठ्या माणसांना बाकावर बसवलं की ती शाळेतल्यासारखं खोटं बोलायला लागतात, शेजाऱ्याने हात वर केला की आपलाही करतात. पुढच्या रांगेत आमचा नवा विभागप्रमुख बसला होता. मी मनात त्याला टाय म्हणतो, कारण त्याच्याबद्दल सांगण्यासारखं तेवढंच आहे. तो हात वर करून शिवाय मानही डोलावत होता, गाणं ऐकायला आल्यासारखा. या गृहस्थाने आयुष्यात पंपाला हात लावला असेल तर त्यावर धूळ आहे का ते बघायला. त्याला आवाज येतो आणि मला येत नाही? मग मी मागच्या खिडकीबाहेर बघायचं निमित्त करून मान पार मागे वळवली. उजवा कान स्पीकरच्या दिशेला गेला आणि आवाज आला. खडी. लोखंडी नळीत कोणी मुठीमुठीने खडी सोडावी तसा. हा आवाज मी झोपेतही ओळखला असता. मी हात वर केला, सगळ्यांत शेवटी, आणि जांभई दिल्यासारखं केलं. सून माझ्याकडे बघत होती. मान वळवायच्या आधीपासून बघत होती.

मधल्या सुट्टीत सगळे चहाच्या टेबलाभोवती जमले तेव्हा मी हात धुवायच्या खोलीत गेलो, दाराला कडी घातली आणि आरशासमोर उभा राहून डाव्या कानाशी बोटं चोळली. काही नाही. उजव्या कानाशी चोळली, तर कागद चुरगळल्यासारखा आवाज आला. पुन्हा डाव्या. मनगटावरचं घड्याळ काढून लावलं, मग नखाने कानाच्या पाळीजवळ टिचकी मारली. आरशातला माणूस स्वतःच्या कानाशी माकडचेष्टा करत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर तोच भाव होता जो मी नेहमी दुसऱ्यांसाठी राखून ठेवतो. अलीकडे लोक पुटपुटतात, तोंडातल्या तोंडात बोलतात, कोणालाही धड शब्द उच्चारता येत नाही, अशी माझी जुनी तक्रार होती. बँकेतली मुलगी, बसमधला माणूस, माझा स्वतःचा मुलगा. मुलगा तर लहानपणापासूनच मिळमिळीत. तो बोलतो तेव्हा वाक्य सुरू झालं की संपलं हेच कळत नाही, असं मी चारचौघांत म्हणत आलो. तो जेवताना माझ्या डाव्या हाताला बसतो. पण हे त्या आरशासमोर मला सुचलं नाही. सुचलं ते एवढंच, की आठवड्याच्या शेवटी परीक्षा आहे आणि त्या परीक्षेत कान लागणार आहेत.

कंपनीने नवा नियम काढला होता. यंत्रशाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाने, मग तो कितीही जुना असो, टर्बाइन, पंप आणि कॉम्प्रेसरची मूळ तत्त्वं पुन्हा शिकायची आणि पास व्हायचं. जो नापास होईल त्याला सुट्या भागांच्या गोदामात टेबल-खुर्ची. म्हणजे नटबोल्टची खोकी मोजायची आणि सही करायची. यंत्रशाळा मी पाया खोदल्यापासून पाहिलेली. तिथला मोठा कॉम्प्रेसर पहिल्यांदा फिरला तेव्हा त्याच्या अंगावर हात ठेवून उभा होतो तो मी. आणि आता निवृत्तीला थोडा काळ उरलेला असताना मी गुळगुळीत फरशीच्या खोलीत, हाताला फळी जोडलेल्या खुर्चीत, शाळकरी पोरासारखा बसायचं. वर शिकवायला कोण, तर घरी जिच्या हातचा चहा पितो ती. कंपनीच्या प्रशिक्षण केंद्रात ती माझ्या मुलाशी लग्न व्हायच्या आधीपासून नोकरीला. मी टायला म्हणालो होतो, मला दुसऱ्या तुकडीत टाका. तो हसून म्हणाला, "अहो, घरचंच माणूस आहे, तुम्हाला उलट सोपं जाईल." सोपं! मला कुठलीही गोष्ट सोपी करून द्यावी लागते असं या माणसाला वाटतं, यातच त्याची अक्कल कळली.

पहिल्या दिवशी तिने फळ्यावर एक विहीर काढली, एक पंप काढला आणि विचारलं, "पंप पाणी वर कसं ओढतो?" झालं. एकेकाने अक्कल पाजळायला सुरुवात केली. कोणी म्हणालं जोराने, कोणी म्हणालं मोटरच्या ताकदीने, टाय म्हणाला, "निगेटिव्ह प्रेशरने," आणि आजूबाजूला बघून घेतलं. तिने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ओढतच नाही. पंपाला ओढता येत नाही. तो फक्त स्वतःच्या तोंडाशी जागा रिकामी करतो. बाहेरची हवा पाण्यावर दाब देऊन बसलेली असते, ती पाणी त्या रिकाम्या जागेत ढकलते. बाहेरून ढकलणारं कोणी नसेल तर पंप जन्मभर फिरला तरी थेंब येणार नाही." वर्ग खूश झाला. मी मात्र चिडलो, कारण हे वाक्य माझं होतं. ती लग्न होऊन आली त्या वर्षी जेवणाच्या टेबलावर मी हे तिला ऐकवलं होतं, तिची परीक्षा घ्यावी म्हणून, आणि तिला उत्तर आलं नव्हतं. पुस्तकं वाचून पदवी घेतलेली पोर, आणि पंप ओढतो म्हणाली. तेव्हा मी हसलो होतो. बायको मला म्हणाली होती, "अहो, पहिल्याच महिन्यात कशाला छळता तिला?" आणि आता तेच वाक्य ती माझ्यासमोर, माझं नाव न घेता, स्वतःच्या बापाचं असल्यासारखं वापरत होती.

पण डाव्या कानाचं सांगायचं तर त्यात लपवण्यासारखं काही नाही, उलट मला त्याचा अभिमान होता. यंत्रशाळेत शिरताना दोन्ही कानांवर जाड वाट्या चढवायच्या असा नियम पहिल्यापासून आहे. जे तो पाळत त्यांना मी बोळेवाले म्हणत असे. कानात बोळे घालून यंत्राजवळ उभं राहणारा माणूस म्हणजे नाक दाबून स्वयंपाक करणारा आचारी. मी उजवी वाटी कानावर ठेवायचो आणि डावी वर सरकवायचो, केसांवर. डावा कान यंत्राचा, उजवा घरचा, असं मी नव्या पोरांना सांगायचो आणि पोरं हसायची. माझ्या हाताखालचे सगळे तसंच करायला लागले होते, डावी वाटी वर. आमच्या पाळीची ती खूण झाली होती. दुसऱ्या पाळीचे लोक दुरूनच ओळखायचे. पुढे कंपनीने सुरक्षा अधिकारी नेमला, त्याने एकेकाला पकडून वाट्या खाली ओढायला लावल्या, आणि माझी माणसं एकामागून एक बोळेवाली झाली. मी झालो नाही. शिवाय माझ्याकडे सळई होती. पोलादी, एका टोकाला लाकडी गोळा. टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं, गोळा कानामागच्या हाडावर, की आत काय चाललंय ते सगळं डोक्यात येतं. हाड आवाज इकडून तिकडे नेतं. त्यामुळे डाव्या बाजूला सळई लावली तरी ऐकायचा तो उजवा कान, आणि मला वर्षानुवर्षं वाटत राहिलं की माझा डावा कान अजून तिखट आहे. हे मला केव्हा कळलं, तर त्या आरशासमोर, ओल्या हातांनी.

मग गेल्या महिन्यातला पंप आठवला, आठवायचा नव्हता तरी. माझ्या पाळीत यंत्रशाळेत खडीचा आवाज सुरू झाला होता. मी तो ऐकला, सगळ्यांच्या आधी ऐकला, आणि सरळ चालत थंड पाण्याच्या पहिल्या पंपाकडे गेलो. सळई लावली, पंप साफ होता. दुसऱ्याकडे गेलो, साफ. मग मी म्हणालो, "पाइप वाजतोय, पंपांना काही नाही," आणि माझ्या शब्दापुढे तिथे कोणी बोलत नाही. खडी वाजत होती ती भिंतीपलीकडच्या, माझ्या पाठीमागच्या पंपात. पंप खोलला तेव्हा आतलं फिरतं चाक वाळवी लागलेल्या लाकडासारखं झालं होतं. असं का होतं ते सुनेने वर्गाच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं. पंपाच्या तोंडाशी पाणी कमी पडलं, पण पंप जोराने मागतच राहिला, की दाब इतका उतरतो की थंड पाणी थंड असतानाच उकळतं. त्याचे बुडबुडे पुढे जाऊन दाबात सापडतात आणि फुटतात, प्रत्येक बुडबुडा फुटताना धातूचा कण घेऊन जातो. लोकांना वाटतं पंप वाजतोय म्हणजे दगड आलाय. दगड नसतो. आत काहीच नसतं, रिकामे बुडबुडे असतात, तेच लोखंड खातात. आणि हे थांबवायचा उपाय जोर वाढवणं हा नाही, मागणं कमी करणं हा आहे. हे सगळं मला पाठ होतं. पंप खोलला त्या दिवशी मी म्हणालो होतो की आजकाल धातूच हलका येतो, कारखानदार चोर आहेत. सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलावणारी माणसं मला कधीच आवडली नाहीत, त्या दिवशी मात्र मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

बायको गेली तेव्हा घर गप्प झालं. तसं होतंच, सगळे सांगतात. आमचं जेवणाचं टेबल लांबट. मी टोकाला बसतो. माझ्या उजव्या हाताला तिची खुर्ची, तिच्या मागे रस्त्याकडची खिडकी, डाव्या हाताला मुलगा, त्याच्या पलीकडे सून. तिची खुर्ची रिकामी झाली आणि जेवताना मला काही ऐकू येईनासं झालं. मुलगा आणि सून आपापसात बोलत, त्यांचे ओठ हलताना दिसत. माझ्यापर्यंत यायची ती नुसती गुणगुण आणि उजवीकडून खिडकीतल्या बसगाड्यांचा आवाज. मला वाटलं दुःख असंच असतं, त्यात माणसांचे आवाज लांब जातात. खरं सांगायचं तर त्या दुःखाचा मला थोडा अभिमान वाटत असे. तिच्यावाचून घरात आवाजच उरला नाही, असं मी बहिणीला फोनवर म्हणालो होतो आणि मला स्वतःचीच दया आली होती. मग एके संध्याकाळी ही सून आपलं ताट उचलून पलीकडून आली आणि बायकोच्या खुर्चीत बसली. विचारलं नाही, काही नाही. खिडकी लावून घेतली, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, "बाबा, आज तुमच्या यंत्रशाळेत काय झालं?" मेलेल्या माणसाची जागा इतक्या सहज घेता येते? मुलाने तरी काही म्हणावं, तर तो मिळमिळीतच. तेव्हापासून ती तिथेच बसू लागली आणि घर पुन्हा बोलायला लागलं. बातम्या कळू लागल्या, कोणाचं काय चाललंय ते कळू लागलं, एकदा तर मी जेवताना हसलो. त्या रात्री पडल्यापडल्या मला तिचा फार राग आला. बायको जाऊन वर्ष झालं नव्हतं आणि हिच्यामुळे मला ती कमी आठवायला लागली होती.

वर्गात तिचं माझ्याशी वागणं साळसूद. घरी बाबा, तिथे सर. कॉम्प्रेसरच्या दिवशी तिने सर्ज शिकवला. कॉम्प्रेसर हवा दाबून पुढे पाठवतो. पुढून कोणी घेतच नसेल, प्रवाह एका हद्दीखाली आला, तर दाबलेली हवा उलटी फिरते आणि यंत्राच्याच अंगावर येते. मग पुन्हा पुढे, पुन्हा मागे, एवढं मोठं धूड कुत्र्याने उंदीर झटकावा तसं हादरतं. तेव्हा आडवळणाची झडप उघडून थोडी हवा मुकाट्याने मागे, तोंडाशी सोडून द्यायची. टायने हात वर केला. "पण मॅडम, एवढी वीज खर्चून दाबलेली हवा परत सोडायची म्हणजे शुद्ध नुकसान नाही का?" मला हसू आवरेना. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सर, तुम्ही सांगता?" मी उठलो, आणि सांगितलं. हट्टाने धरून ठेवलेली हवा यंत्राचे दात पाडते, सोडलेली हवा फक्त बिल वाढवते; शिवाय टर्बाइन म्हणजे उलटा कॉम्प्रेसरच, एक वाहत्या हवेकडून ताकद घेतो, दुसरा तिला देतो, आणि देणाऱ्याला जर माहीत नसेल की समोरचा किती घेऊ शकतो तर त्याची गत अशी होते. पोरं लिहून घेत होती. मी बसलो तेव्हा बरं वाटलं, कबूल करतो. मग सगळे अचानक माझ्याकडे बघून हसायला लागले. डावीकडच्या खुर्चीवरून कोणीतरी मला काहीतरी विचारलं होतं, बहुतेक दोनदा. मी ताठ बसून राहिलो, उत्तर देण्याच्या लायकीचा प्रश्न नाही असा चेहरा करून. तो चेहरा मला चांगला जमतो. सून हसली नाही. ती डावीकडे चालत गेली, तो प्रश्न स्वतःच्या तोंडाने पुन्हा म्हणाली, माझ्यासमोर उभं राहून, सावकाश. ही मला बहिरा समजून बोलतेय, या विचाराने माझ्या अंगाची लाही झाली.

परीक्षेच्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी चहा घेऊन आली आणि त्या खुर्चीत बसली. रात्री मला नीट झोप लागली नव्हती. ती म्हणाली, "बाबा, आज प्रत्यक्ष परीक्षेत पिवळ्या रेघेवर उभं राहून आवाज ओळखायचाय. सळई चालणार नाही, केंद्राचा नियम आहे. तुम्हाला नको असेल तर पुढे ढकलता येईल. आधी एकदा कान..." मी कप बशीवर आपटला. "कानाचं काय? हं? कानाचं काय?" ती काही बोलणार तेवढ्यात मी म्हणालो, "आणि ही खुर्ची तुझी नाही. ही तुझ्या सासूची आहे. इतके दिवस बघतोय, तुला एवढंसुद्धा कळत नाही?" मुलगा पलीकडून काहीतरी म्हणाला, नेहमीसारखं अर्धवट. ती उठली. माझा रिकामा कप उचलला, खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली, दोन्ही हातांनी, अगदी आवाज न करता, आणि आत गेली. मला जिंकल्यासारखं वाटलं. इतक्या क्षुल्लक गोष्टीत जिंकल्यासारखं वाटावं याचं वाईटही वाटलं, पण ते मागून.

केंद्राच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तीन पंप एका ओळीत, सारखे, हिरव्या रंगाचे. दाब दाखवणाऱ्या तबकड्यांवर तिने कागद चिकटवले होते. जमिनीवर पिवळी रेघ. तिन्ही पंप चालू, त्यांतल्या एकाची आत येणारी झडप तिने अर्धी आवळून ठेवलेली, म्हणजे त्याला पाणी कमी पडणार. कोणता ते रेघेवरून सांगायचं, इतकीच परीक्षा. यंत्रशाळेत फेरी मारताना असंच असतं, आवाज कुठून येतोय हे कळलं तरच माणूस तिकडे चालतो. माझ्या आधीची पोरं रेघेवर आली, त्यांनी मान जराशी हलवली आणि बोट दाखवलं. टायनेसुद्धा दाखवलं, आणि बरोबर दाखवलं असावं, कारण तो बाहेर जाताना शीळ घालत होता. मग मी. खडी ऐकू आली. स्वच्छ, नितळ खडी. मला वाटलं, सुटलो. आणि मग कळलं की ती सगळीकडून येते आहे. शेड तिने भरली आहे, पत्र्यात आहे, जमिनीत आहे, आणि तिला नेमकी अशी जागाच नाही. मी उजवा कान पुढे केला, खडी समोर आली. मान फिरवली, खडी माझ्याबरोबर फिरली. एका कानाला आवाज कळतो, दिशा कळत नाही. दिशा कळायला दोन लागतात. हे कुठल्याही पुस्तकात असेल, मी शोधलं नव्हतं. मी तीन पंपांकडे बघत उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा यंत्रांनी मला काही सांगायचं नाकारलं. बोट वर केलं. तिसरा. ती म्हणाली, "पुन्हा एकदा ऐका, सर. घाई नाही." मी म्हणालो, "ऐकलं. तिसरा." ती तशीच उभी. मग मी पहिल्याकडे बोट नेलं. तिने तिन्ही पंप बंद केले. सगळं शांत झालं तेव्हा मला जाणवलं की माझं बोट अजून हवेत आहे.

ती माझ्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला पास करणार नाही." सर नाही म्हणाली. मी म्हणालो, "बरोबर ओळखलं म्हणून तू सांगू शकतेस. तुला कोण विचारणार आहे? मला थोडेच दिवस राहिलेत." हे माझ्या तोंडून बाहेर पडलं. जो माणूस आयुष्यभर वशिल्याच्या लोकांवर थुंकत आला, त्याच्या तोंडून. ती म्हणाली, "त्या दिवशी तो पंप नुसता खराब झाला. पुढच्या वेळी कॉम्प्रेसर असेल. खाली माणसं असतात. आणि सगळ्यांत आधी तुम्हीच त्याच्याजवळ जाल." मी तिला नको ते बोललो. परक्याच्या घरात येऊन खुर्च्या बळकावणारी, माझीच वाक्यं विकून पगार घेणारी, आणि आणखी काही, जे लिहिण्यासारखं नाही. तिने ते ऐकून घेतलं. तिचे डोळे भरले होते पण आवाज सरळ होता. "तुम्हीच शिकवलंत ना," ती म्हणाली, "खडी वाजत असताना कोणी पंप चालू ठेवला तर त्याला यंत्रशाळेतून बाहेर काढायचा." मी शेडबाहेर आलो. टाय झाडाखाली उभा होता, म्हणाला, "कसं झालं?" मी त्याच्याकडे बघितलं आणि नेहमीसारखी एखादी चपराक जिभेवर येईल म्हणून थांबलो. आली नाही. तुच्छ वाटावा असा मला त्या घटकेला एकच माणूस दिसत होता आणि तो झाडाखाली नव्हता.

घरी पायी आलो. सोमवारपासून गोदाम, टेबल, खुर्ची, खोकी. रस्त्यात एक सायकलवाला डावीकडून अंगावरून गेला आणि वळून शिव्या देत राहिला. त्याने घंटी वाजवली असणार. संध्याकाळी जेवायला बसलो. सून ताट घेऊन आली आणि मुलाच्या पलीकडे, तिच्या पूर्वीच्या जागेवर बसली. सकाळी सांगितलं होतं ना मी, तसं. उजवीकडे रिकामी खुर्ची, तिच्या मागे खिडकी उघडी, खाली बसगाड्या. ती मुलाला काही सांगत होती. तो काही विचारत होता, मध्येच माझ्याकडे बघत होता. गुणगुण. मी पुढे वाकलो, तरी गुणगुणच. एका क्षणी दोघंही माझ्याकडे बघून थांबले, म्हणजे मला काहीतरी विचारलं गेलं होतं, आणि माझा तो चेहरा आपोआप माझ्या तोंडावर आला, उत्तर देण्याच्या लायकीचा प्रश्न नाही असा. हे मी ओळखलं. हे जेवण मी आधी जेवलो होतो. बायको गेल्यानंतरचे सगळे महिने मी हेच जेवलो होतो, हीच गुणगुण, ह्याच बसगाड्या, आणि ह्यालाच मी दुःख म्हणत होतो. मग एके संध्याकाळी एक पोर ताट घेऊन उठली, मधल्या सगळ्या टेबलाला वळसा घालून इकडे आली, खिडकी लावली आणि माझ्या चांगल्या कानाशी बसली. तिने मेलेल्या माणसाची जागा घेतली नव्हती. ती ऐकू येईल अशा ठिकाणी आली होती, आणि रोज तिथे बसून माझं तोंड सहन करत होती. मला रडू येत होतं आणि रडताना आवाज किती होतोय ते मला कळलं नसतं, म्हणून मी पाणी प्यायलो.

मी तिला हाक मारली नाही. पायाने ती खुर्ची टेबलाखालून बाहेर सरकवली, एवढंच केलं. तिचे ओठ हलले. आईंची आहे, असं म्हणाली असावी. "कोणाची आहे ते मला माहीत आहे," मी म्हणालो, बहुतेक गरजेपेक्षा मोठ्याने, कारण मुलगा दचकला. "इकडे ये." तिने ताट उचललं, वळसा घालून आली, आधी खिडकी लावली, आणि बसली.

"कधीपासून माहीत होतं तुला?" मी विचारलं.

"पहिल्या वर्षापासून."

"मग तेव्हाच सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं, बाबा," ती म्हणाली. "दोन-तीनदा सांगितलं. पण तेव्हा मी तिकडे बसत होते."

डावीकडे मुलगा हसला असावा, त्याचे खांदे हलत होते. मी तिच्या ताटाकडे बघितलं. "जेव," मी म्हणालो. "गार होतंय."